त्रेसष्ट पाट, सुस्थितीत

पाणी उतरल्यावर भिंतीवर जी रेघ राहते, ती मोजणे हे त्या आठवड्यात माझे काम होते. एरवी आमचे कार्यालय घरे आणि गाळे मोजते, त्यांचा वापर पाहते आणि त्यावरून कर ठरवते. पण ऑगस्टमधल्या त्या दोन दिवसांच्या पावसाने परळ आणि हिंदमाताच्या सखल गल्ल्या कमरेपर्यंत भरल्या आणि आम्हा कनिष्ठ निरीक्षकांना नुकसानीच्या पंचनाम्यांवर पाठवण्यात आले. खांद्याला पिशवी, पिशवीत पोलादी टेप, पंचनाम्याचे कागद आणि कार्यालयाने दिलेला एक मोबाइल. त्यातल्या ॲपमध्ये वस्तूचे नाव, संख्या, स्थिती आणि छायाचित्र भरायचे. छायाचित्र तिथेच, त्याच क्षणी काढलेले हवे; जुने छायाचित्र ते ॲप स्वीकारत नसे आणि छायाचित्राशिवाय पुढचे पान उघडत नसे.

हे काम मला जमेल असे वाटले होते. भिंतींशी बोलावे लागत नाही. टेपचे एक टोक जमिनीला टेकवायचे, दुसरे त्या मातकट रेघेशी न्यायचे आणि आकडा लिहायचा. माणसे बोलत असताना मी बहुतेक वेळ टेपकडेच पाहत असे.

त्या गल्लीत मी पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ऊन पडले होते, पण ते उन्हासारखे वाटत नव्हते. ओल्या गाद्या, फुगलेली कपाटे, उलटे करून ठेवलेले फ्रिज यांवर ते नुसते पसरले होते. पहिला गाळा रूपर्ट यांचा. साठी ओलांडलेले, अंगात बनियन, गळ्यात क्रूस. चाळीस वर्षे ते शिलाई मशिनी दुरुस्त करत होते.

"मी हात लावला नाय कशाला," ते म्हणाले. "आमची मिसेस बेट्टी बोलली, वास मारतो, साफ कर. मी बोललो, आधी साहेबाला वास घेऊ दे. मग साफसफाई."

चौदा मशिनी चिखलात जशा पडल्या होत्या तशाच होत्या. मी चौदा छायाचित्रे काढली. ॲपने प्रत्येक छायाचित्र तत्परतेने स्वीकारले. 'पूर्णतः बाधित' या शब्दांपुढे हिरवी खूण उमटत गेली.

"झालं?" रूपर्ट यांना आश्चर्य वाटले. "एवढंच? मग आता बाजूला चला. गुणाजीकडे. खरा लॉस तिकडे आहे, मॅन. पंच म्हणून मीच सही करतो, चला."

शेजारचा गाळा म्हणजे गुणाजींची गणपतीची शाळा, मूर्ती घडवण्याची जागा. गणेशचतुर्थीला अकरा दिवस उरले होते. अशा दिवसांत अशा जागी पाय ठेवायला वाव नसतो, हे मला ठाऊक होते. मी नायगावच्या चाळीत वाढलो आहे. म्हणून दारात पाऊल टाकताना मी सवयीने अंग चोरून घेतले. पण आत काहीच नव्हते. फरशी धुतलेली, फळ्या पुसलेल्या. पाण्याची रेघ मात्र भिंतीवर होती, तीन फूट दोन इंच. एका कोपऱ्यात पोत्याने झाकलेला ढीग आणि त्याच्याजवळ राखी मातीने भरलेले एक घमेले.

गुणाजी स्टुलावर बसले होते. सत्तरीचा, हाडापेराने सडसडीत माणूस. नखांच्या कडांना रंग इतका मुरलेला की तो आता नखांचाच वाटावा. मला पाहून ते उठले आणि आतल्या अंगाला उभ्या असलेल्या पत्नीला, गंगुबाईंना, म्हणाले, "गो, च्याय टाक साहेबांका."

"नुकसान कशाचं झालं?" मी टेप गुंडाळत विचारले.

त्यांनी फळ्यांकडे हात केला. "ह्येचं."

"मूर्ती कुठे आहेत?"

"पोचवल्या."

"कुठे?"

"दादरच्या समुद्रात." ते म्हणाले, "त्रेसष्ट होत्या, साहेब. सगळ्यांचे डोळे आखून झालेले. शाडूची माती. पाण्यात बसली की आतून सैल होते. आधी हात गेले, मग सोंडा. पाणी उतरलं तेव्हा बसलेले होते सगळे आपापल्या जागी, पण डोळे तेवढे उघडे."

माझ्या मोबाइलचा पडदा मालवला होता. मी तो पुन्हा पेटवला.

"आता बघा," ते मला समजावू लागले, एखाद्या मुलाला समजावावे तसे, "डोळे आखले नसतील तोवर ती माती. आणखी अकरा तशा होत्या, पाटावर चढल्या नव्हत्या, त्या मी परत मळल्या. ती बघा घमेल्यात. पण एकदा डोळे झाले की तो बघतो. त्याला चिखलात बसवून कसं ठेवायचं? साहेब येईपर्यंत?"

"फोटो तरी?" मी विचारले. "नेताना कोणी काढला असेल."

दारात त्यांचा मुलगा उभा होता, दीपक. चाळिशीचा, ऑफिसच्या कपड्यांत, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले. तो कडवट हसला. "मी काढत होतो. ह्यांनी फोन हिसकावला हातातून."

"मेलेल्या माणसाचो फोटो काढतत काय?" गुणाजी त्याच्याकडे न पाहता म्हणाले.

"अरे, पण मी बघितलंय ना!" रूपर्ट पुढे झाले. "आमच्या टेरेन्सच्या टेम्पोतून गेले सगळे. मी स्वतः उचलून दिले, एकेक. हा माणूस प्रत्येकाला सॉरी बोलत होता. लिही साहेब, पंच रूपर्ट, दोन डोळ्यांनी बघितलं."

मला सांगावे लागले की पंचाने पंचनाम्याच्या वेळी जे समोर पाहिले, तेवढेच लिहिता येते. हे सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की ते मला दोनदा सांगावे लागले.

"म्हणजे आत्ता?" रूपर्ट यांनी रिकाम्या गाळ्याभोवती नजर फिरवली. "आत्ता मी भिंत बघतो. माझ्या गंजलेल्या मशिनीला तुझा मोबाइल सलाम ठोकतो, आणि ह्याच्या देवाला ओळखत नाय? काय मोबाइल आहे, मॅन!"

गंगुबाईंनी चहा आणला. कप उचलताना दीपक माझ्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, उगाच आशा लावू नका त्यांना. आमचं घरात ठरलंय. भरपाईच्या यादीत नाव लागलं तर पुढच्या वर्षी माती मागवायची, शाळा चालवायची. नाही लागलं तर गाळा पार्सल कंपनीला. त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. बाबांनी शब्द दिलाय."

"देवासमोर दिलाय," गुणाजी स्टुलावरूनच म्हणाले. त्यांना सगळे ऐकू आले होते. "दीपकची चूक नाय साहेब. त्यानं गेल्या वर्षी पण ऐकलं माझं. त्याच्या आधी पण. माणूस किती वर्षं ऐकणार?"

मी कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवले. "त्याच्यात काय आहे?"

"लोकांचे पाट."

ही रीत मला माहीत होती. आषाढात प्रत्येक घर आपला पाट शाळेत आणून देते. त्याच्या पाठीवर तैलरंगाने नाव घातलेले असते. मूर्ती त्या पाटावरच बसवली जाते आणि चतुर्थीला त्याच पाटावरून घरी जाते. पाट पिढ्यान् पिढ्या तोच असतो. बदलते ती माती. मी पोते उचलले. पाट एकावर एक रचून ठेवले होते. वरच्या पाटावर चिखलाचा पातळ, वाळून तडकलेला थर होता आणि मधोमध, मूर्तीची बैठक जिथे होती तिथे, लाकूड अगदी स्वच्छ राहिले होते. एक लांबट गोल. दुसरा उचलला, त्यावरही तसाच. तिसऱ्यावर किंचित मोठा, एका बाजूला उंदराच्या बैठकीची इवलीशी खूण. पाटामागे नाव होते: इरावती पेडणेकर, प्रभादेवी.

मला ते सुंदर वाटले. एवढेच वाटले, हे मी आज कबूल करतो. मी पोते परत जसे होते तसे घातले.

"उद्या साहेबांना घेऊन येतो," मी म्हणालो. दुसरे काहीतरी करता येईल, असे वाटावे म्हणून माणूस म्हणतो तसे.

परळहून मी चालत निघालो. वाटेत पावसाची एक सर येऊन गेली. दादर टी.टी.च्या बसथांब्यावर एक बाई बाकावर छत्री घेऊन बसली होती. तिची बस आली, ती उठली आणि भिजलेल्या बाकावर ती जिथे बसली होती तेवढी जागा कोरडी राहिली. तिच्या पसरलेल्या साडीचा, बाजूला ठेवलेल्या पिशवीचाही आकार.

मी तिथे थांबलो.

तो आकार म्हणजे पुरावाच होता. ती बाई बसमध्ये नाहीशी झाली होती, पण ती इथे बसली होती हे कोणीही सांगू शकले असते. त्रेसष्ट पाट, त्रेसष्ट नावे, आणि प्रत्येकावर बसून गेलेल्याची बैठक, भोवती पुराचाच गाळ. हे उद्या, समक्ष, पंचांच्या डोळ्यांदेखत दाखवता येण्यासारखे होते. ॲपलाही छायाचित्र मिळाले असते. मी तिथूनच माझ्या वरिष्ठांना, तांडेलसाहेबांना फोन केला आणि उद्या परळला काहीतरी दाखवायचे आहे, जरूर या, असे म्हणालो. साहेबांशी मी सहसा इतकेही बोलत नाही.

मग मी गुणाजींचा क्रमांक काढला. सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. सांगायचे होते ते फक्त तीन शब्दांचे: पाट धुऊ नका. मी ते मनात जुळवले, त्याच्या आधी 'कृपा करून' घातले, मग ते काढले. का, असे त्यांनी विचारले तर? मग ते कोरडे बाक, ते गोल, सगळे सांगावे लागेल. आणि साहेबांनी नकार दिला तर? 'उगाच आशा लावू नका' हे दीपकचे शब्द मला आठवले, आणि खरे सांगायचे तर ते मला सोयीचे वाटले. एक घंटी वाजली. मी फोन कट केला.

मिनिटाभराने तोच वाजला.

"काय साहेब, फोन केलेलात?"

मागे भांड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी हसत होते.

"नाही," मी म्हणालो. "चुकून लागला. उद्या येतोय, एवढंच."

"या, या. च्यायक या."

दुसऱ्या दिवशी मी साडेसात वाजताच तिथे पोहोचलो. गल्लीच्या तोंडाशीच मला ते दिसले. भिंतीला टेकून पाट उभे केले होते, एका ओळीत, रूपर्ट यांच्या दारापासून पार टोकाच्या पिंपापर्यंत. ओले, घासलेले, लाकडाची जुनी नक्षी उजळून वर आलेली. सकाळचे ऊन त्यांच्यावर तिरपे पडले होते. त्या गल्लीत पूर आल्यापासून इतकी स्वच्छ वस्तू मी पाहिली नव्हती.

गंगुबाई शेवटचा पाट काथ्याने घासत होत्या. मला पाहून त्यांनी पदराने कपाळ पुसले. "आलात? पाचला नळ येतो ना आमचा, तेव्हाच बसले. म्हटलं तुम्ही येणार, मोठे साहेब येणार, लोक पण पाट न्यायला येतील. गणपती नाय तर नाय, पाट तरी चिखलाचा कसा द्यायचा हातात?"

पाचला नळ येतो. आमच्या चाळीतही पाचलाच येत असे. माझी आई पाचला उठून जे काही धुण्यासारखे असेल ते धुऊन टाकत असे. मला हे माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

"एखादा राहिलाय का?" मी विचारले.

"कसला?"

"न धुतलेला."

मी तपासणी करतो आहे असे त्यांना वाटले. त्यांनी मान ताठ केली. "एक पण नाय. बघा हात फिरवून. पाठीमागून पण घासलेत."

मी खरोखरच हात फिरवला. इरावती पेडणेकरांच्या पाटावर, जिथे उंदराची खूण होती तिथे. लाकूड थंड होते आणि सगळीकडे सारखेच होते.

तांडेलसाहेब दहा वाजता स्कूटरवरून आले. ते वाईट माणूस नाहीत. नोकरीतली त्यांची शेवटची दोन वर्षे उरली होती आणि आदल्या आठवड्यात त्यांच्या स्वतःच्या तळमजल्यावरच्या घरातही पाणी शिरले होते. त्यांनी पँट वर दुमडून गल्ली पाहिली, गाळा पाहिला, भिंतीवरच्या रेघेला बोट लावले. गुणाजींची सगळी हकीकत उभ्याने ऐकून घेतली.

"मला दिसतंय हो," ते म्हणाले. "माझा बाप पण आमचा पाट असाच टाकून यायचा शाळेत. पण मी काय पाठवू वर? ही रिकामी फळी?" मग ते माझ्याकडे वळले. "काय रे सौमित्र, तू काहीतरी दाखवणार होतास ना? काल फोनवर एवढं घाईघाईनं बोललास."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. गुणाजी स्टुलावरून अर्धे उठले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले, ते आशेसारखे होते आणि ते पाहणे मला असह्य झाले. त्यांच्या मागे गंगुबाई उभ्या होत्या. पहाटेपासून पाण्यात राहिलेले त्यांचे हात पांढरे पडून सुरकुतले होते आणि ते त्यांनी पोटाशी एकमेकांवर ठेवले होते.

सांगितले असते तर त्या हातांनी काय पुसले गेले, हे त्यांना कळले असते. आणि मिळाले मात्र काहीच नसते.

"काही नाही, साहेब," मी म्हणालो. "माझा गैरसमज झाला होता."

तांडेलसाहेबांनी नि:श्वास सोडला. "बरं. मग काहीतरी लिही तरी. अगदी कोरा कशाला पाठवायचा? आवारात काय आहे?"

"पाट आहेत."

"किती?"

"त्रेसष्ट."

"लिही. लाकडी पाट, त्रेसष्ट. फोटो घे."

मी छायाचित्र घेतले. उन्हात उभ्या असलेल्या पाटांची ती ओळ पडद्यावर फार देखणी दिसत होती. ॲपने स्थिती विचारली. तीन पर्याय होते. मी पहिला निवडला आणि हिरवी खूण उमटली.

"वाचून दाखवा," गुणाजी म्हणाले. "काय लिहिलं ते."

मी वाचले. "पाण्याची उंची तीन फूट दोन इंच. आवारातील वस्तू: लाकडी पाट, त्रेसष्ट, सुस्थितीत. नुकसान निरंक."

त्यांनी मान हलवली. "बरोबर आसा. ह्येच दिसतंय."

"काय बरोबर आहे?" रूपर्ट भडकले. "मी नाय सही करणार. खोट्या कागदावर रूपर्टची सही नाय. माझ्या खांद्यावरून गेलेत ते, मला अजून वजन लागतं इथे!" त्यांनी खांद्यावर थाप मारली. "सुस्थितीत! बेट्टीला सांगितलं तर ती चर्चमध्ये खोटारडा म्हणून माझं नाव वाचेल."

"रूपर्ट," गुणाजी म्हणाले.

"नाय."

"अरे, सही कर. तुझी सही नाय लागली तर ह्या पोराला परत पाठवतील. दुसऱ्या फेरीला. तिसऱ्या फेरीला. बघ जरा त्याच्याकडे, झोपला नाय तो रात्री." आणि मग, माझ्याकडे वळून, अगदी घरातल्या आवाजात, "कित्याक त्रास करून घेतंस, झिला? तुझा काय चुकला?"

याचे उत्तर माझ्यापाशी होते. मी टेपकडे पाहत राहिलो.

रूपर्ट यांनी सही केली. पेन इतके दाबून चालवले की कागदाला मागून खळगा पडला. दुसरी सही समोरच्या किराणावाल्याने येऊन केली आणि तो लगेच गेला. तांडेलसाहेब गुणाजींच्या पाठीवर क्षणभर हात ठेवून स्कूटरकडे निघाले.

मी पिशवी भरत होतो तेव्हा दीपक आला. तो रागावला असता तर बरे झाले असते. पण तो फक्त थकलेला होता. नोकरीवर जायला उशीर झालेल्या माणसासारखे त्याने घड्याळ पाहिले.

"साहेब, तुमची टेप जरा देता? त्या पार्सलवाल्यानं मापं मागितलीत. रॅक कुठे लावायचे ते बघायला. आलाच आहात तर."

मी टेप काढली. एकट्याला लांबी मोजता येत नाही. मधे ती वाकते. म्हणून त्याने एक टोक दाराच्या चौकटीशी धरले आणि दुसरे घेऊन मी आत, शेवटच्या भिंतीपर्यंत चालत गेलो. गंगुबाई तेवढ्यात वाळलेले पाट एकेक करून आत आणू लागल्या होत्या आणि ते जमिनीवर मांडत होत्या, नावे वर दिसतील असे.

"जपून हां," गुणाजी स्टुलावरून म्हणाले. "पाटाला पाय लागेल."

मी पाय उचलून, पाटांच्या मधल्या रिकाम्या जागा शोधत, भिंतीपाशी पोहोचलो. टेप ताणली. पाण्याच्या रेघेखाली पोलादाची पट्टी सरळ झाली.

"किती?" दीपकने दारातून विचारले.

मी आकडा पाहिला आणि त्याला पहिल्याच खेपेस ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला.

"अठरा फूट चार इंच."